पोटखराब

आमच्या घरी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. पणजोबांचा एका काडीचा चष्मा, आजोबांच्या पहिल्या पगाराची पावती आणि लाल फडक्यात बांधलेला कागदांचा एक जुडगा, एवढीच तिच्यातील संपत्ती. दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी वर्षातून एकदा उघडते आणि धूळ झटकून पुन्हा माळ्यावर जाते. गेल्या दिवाळीत मात्र ती निराळ्या कारणासाठी उघडली. बाबांनी त्या जुडग्यातून सातबाऱ्याचा उतारा काढला आणि दिव्याखाली धरून ते तो लक्षपूर्वक वाचू लागले. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन नमुन्यांवरून या उताऱ्यास हे नाव पडले, एवढे मला शाळेत कळले होते. परंतु तो कागद प्रत्यक्ष पाहण्याचा योग प्रथमच येत होता. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. एका रकान्यावर ‘पोटखराब’ असा शब्द होता. तो वाचून मला हसू आवरेना.

“बाबा, जमिनीचेही पोट बिघडते काय?” मी विचारले.

बाबा हसले नाहीत. “जिच्यात पीक निघत नाही, तिला पोटखराब म्हणतात,” ते म्हणाले. “आपली बहुतेक जमीन तशीच आहे. म्हणूनच ती विकावी म्हणतो.”

ही जमीन मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे, वैशाखरे गावाच्या अलीकडे आहे. जेमतेम दीड एकर. ठाणे व रायगड या जिल्ह्यांत भाताच्या खाचरांखेरीज जी उंच, उताराची, गवताळ जमीन असते तिला वरकस म्हणतात. कोठे कोठे तीत नाचणी-वरी पिकते. आमच्या तुकड्यात तेही पिकत नाही. पणजोबा निवर्तल्यापासून तेथे आमचे कोणी राहिले नाही. आजोबा नोकरीसाठी डोंबिवलीस आले ते येथलेच झाले. आम्हा मुलांच्या लेखी ती जमीन म्हणजे त्या पेटीतील एक कागद होता, याहून अधिक काही नव्हे. माझ्या ताईला येत्या जूनपासून पुढील शिक्षणासाठी पुण्यास जावयाचे आहे. शुल्क आणि वसतिगृह यांचा हिशेब बाबांनी चार वेळा मांडला आणि चारही वेळा तो अपुरा पडला. तशात एक गृहस्थ ती जमीन विकत घेण्यास तयार आहेत असे कळले. मग विचार तो कसला करावयाचा?

आजोबांनी हरकत घेतली नाही. ते इतकेच म्हणाले, “विका. परंतु विकण्यापूर्वी एकदा आपण सगळे तेथे चार दिवस राहून येऊ. ज्या जमिनीवर आपण एक रात्रही निजलो नाही, ती आपली होती असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे?”

अशा रीतीने नाताळच्या सुटीतील आमचा मुक्काम ठरला. आजोबा, आई, बाबा, ताई आणि मी, पेणहून मामा, मामी व त्यांची दोन मुले, शेजारचे काका-काकू, आणि माझे दोन वर्गमित्र, अशी तेरा माणसांची सेना जमली. शेजारचे काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले. ते कोठेही निघाले म्हणजे खिशात चष्मा, भिंग आणि एक दोरी बाळगतात, आणि त्यावरून आम्ही मुले त्यांची थट्टा करीत असतो. दोन राहुट्या उसन्या मिळाल्या. एक मोठी ताडपत्री, कंदील, सतरंज्या, पातेली, तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे आणि मामांनी पेणहून आणलेली वालाच्या कोवळ्या शेंगांची थैली, असा सरंजाम घेऊन २९ डिसेंबरच्या पहाटे आम्ही डोंबिवलीच्या स्थानकावर उभे राहिलो.

कल्याणपर्यंत आगगाडी आणि तेथून पुढे एस. टी. असा प्रवास होता. ठाण्याहून कल्याणपर्यंतचा लोहमार्ग १८५४ साली सुरू झाला. त्याच्या दोन्ही अंगांस आता इमारतींच्या भिंती उभ्या आहेत. १९८३ साली कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती सुमारे साडेबारा लाख भरली. खिडकीतून बोट दाखवीत आजोबा सांगत होते, “येथे भाताची खाचरे होती. तेथे खाडीचे पाणी येई. त्या पलीकडे कोल्हे ओरडत.” मला ते खरे वाटत नव्हते. मी मनाशी म्हणत होतो, आजोबांच्या तरुणपणी सगळीकडेच कोल्हे ओरडत असावेत!

रायते येथे उल्हास नदी ओलांडली आणि घरे विरळ होऊ लागली. मुरबाड मागे पडले. टोकावडे आले, गेले. आणि समोर सह्याद्रीची भिंत एकाएकी उभी राहिली. त्या भिंतीवर आकाशात रोवलेल्या अंगठ्यासारखा एक सुळका दिसत होता. “तो नानाचा अंगठा,” काका म्हणाले, “आणि त्याच्या कुशीत नाणेघाट.” गाडीतील गडबड क्षणभर थांबली.

रस्त्यापासून अर्धा तास चालल्यावर आमची जमीन आली. खरे सांगावयाचे तर माझी घोर निराशा झाली. पिवळे पडलेले गवत, मध्ये मध्ये काळे कातळ, करवंदीच्या जाळ्या, आणि काही ऐनाची झाडे. तीही फांद्या तोडलेली, केविलवाणी, जणू न्हाव्याने अर्धवट हजामत करून सोडलेली! खालच्या अंगाला एक कोरडा पडत चाललेला ओढा आणि त्याच्या वाळूत हाताने खणलेला, गुडघाभर खोल, दगडांनी बांधून घेतलेला एक खळगा. त्यात स्वच्छ पाणी होते. “चला, पाण्याची तरी सोय झाली!” असे म्हणून आम्ही मुलांनी राहुटी त्याच्या शेजारीच ठोकावयास घेतली. आजोबा “जरा वर घ्या” असे म्हणाले, परंतु आमच्या उत्साहापुढे त्यांचा आवाज कोणास ऐकू गेला नाही.

तो पहिला दिवस किती आनंदात गेला म्हणून सांगू! बाबा कचेरीतून आल्यावर एरवी वर्तमानपत्रामागे दडतात. येथे ते धोतर खोचून लाकडे गोळा करीत होते. मामांनी विस्तवासाठी जागा केली ती मोठ्या काळजीने. डिसेंबरातील गवत म्हणजे दारूगोळाच, एक ठिणगी उडाली तर सारा डोंगर पेटावयाचा. म्हणून त्यांनी भोवतालचे गवत कापून जमीन पार उघडी केली आणि शेजारी पाण्याने भरलेली कळशी ठेवली. मग भांबुर्डीचा पाला मडक्याच्या तळाशी घालून त्यावर शेंगा, बटाटे आणि कांदे यांचे थर रचले, तोंड पाल्याने गच्च बंद केले आणि मडके उपडे ठेवून भोवती जाळ केला. पोपटी हा आमच्या मामांच्या भागातील पदार्थ. पाण्याचा थेंब न घालता शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. मडके फुटले नाही, शेंगा करपल्या नाहीत, आणि मामांच्या मिशीला पीळ पडला.

रात्री थंडी पडली. शहरात दिव्यांच्या उजेडात बुडून गेलेले आकाश येथे अंगावर येत होते. मृगाची चौकट, तिच्या खाली तळपणारा व्याध, वर रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका, भूगोलाच्या पुस्तकातील ही नावे प्रथमच आपापल्या जागी जाऊन बसली. शेकोटीभोवती बसून आजोबा बोलू लागले. दक्षिणेकडील काळोखात बोट दाखवून त्यांनी सिद्धगडाची हकीकत सांगितली. भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता बेचाळीसच्या लढ्यात या डोंगरांच्या आश्रयाने राहिले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या अरण्यात भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. “हे रान ओसाड वाटते ना?” आजोबा म्हणाले. “ज्याला त्याची गरज पडते, त्याला ते ओसाड वाटत नाही.” वाक्य मला आवडले, परंतु त्याचा अर्थ कळला असे मात्र म्हणता येणार नाही. कारण त्यानंतर अर्ध्याच तासाने मी जे केले, ते आठवून आजही मला लाज वाटते.

भांडी घासण्याचे काम आम्हा तिघा मित्रांकडे होते. काळोखात ओढ्याच्या खालच्या अंगास जाण्याचा कंटाळा आला. आम्ही तेलकट पातेली, साबणाच्या वड्या आणि राखेने माखलेले हात घेऊन सरळ त्या दगडी खळग्यापाशी बसलो. पातेली त्यातच बुडवली, त्यातच विसळली. नंतर गंमत म्हणून त्यात पायही धुतले. चांदण्यात पाण्यावर तेलाचे रंगीत वलय पसरले. “काय सुंदर दिसते!” असे आमच्यापैकी एकजण म्हणाला. तो मीच होतो.

पहाटे खरखर अशा आवाजाने मला जाग आली. राहुटीच्या फटीतून पाहिले, तर एक म्हातारी त्या खळग्यापाशी बसली होती. शेजारी दोन रिकामे हंडे होते. तिच्या हातात नारळाची करवंटी होती. करवंटीने ती खळग्यातील गढूळ, साबणाचे पाणी उपसून दूर खाली टाकीत होती. तळातील भाताची शिते तिने वेचून काढली. कडेच्या दगडांवरचा तेलकटपणा वाळूने घासला. पाणी पुन्हा उपसले आणि मग हात गुडघ्यांवर ठेवून ती स्वस्थ बसून राहिली. नवे पाणी झिरपून वर येण्याची ती वाट पाहत होती. ते इतके मंद येत होते की, डोळ्यांना हालचाल दिसतच नव्हती.

मी किती वेळ पाहत होतो कोण जाणे! तिने शिवी दिली असती तर मी राहुटीतच दडून राहिलो असतो. ती काहीच बोलत नव्हती, म्हणून मला बाहेर यावे लागले. माझी चाहूल लागताच तिने वळून पाहिले.

“पोरा, हितं भांडी नाय धुवायची,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. नातवाला सांगावे तसे तिने सांगितले. “पानी वर काढायचं, लांब न्यायचं, तिथं धुवायचं. ह्यो आमचा झिरा हाय. फागुन सरला का सगळी वाडी ह्येच्यावरच जगते.”

‘आमचा झिरा.’ माझ्या ओठांवर शब्द आले होते, “आजी, ही जमीन आमची आहे.” सुदैवाने ते ओठांवरच राहिले.

तोवर आई आणि ताई उठून आल्या. आईने सर्व ऐकले आणि माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले की, चार छड्या परवडल्या असत्या. हंडे भरण्यास जवळजवळ तास लागला. भरलेला हंडा ताईने डोक्यावर घेतला, दुसरा म्हातारीने. आम्ही मुले माना खाली घालून मागोमाग निघालो. टेकडीच्या पलीकडे ठाकरांची लहानशी वाडी होती. तेथपर्यंतच्या चढावर ताई दोनदा थांबली. म्हातारी एकदाही थांबली नाही. त्या सकाळी ताईने तीन खेपा केल्या. आम्ही मुलांनी राहुटी उपटून वर कातळापाशी नेली, ओढ्याच्या काठची रात्रीची सारी घाण उचलली आणि धुण्यासाठी खालच्या अंगास निराळी जागा केली. आजोबांनी काल सांगितलेले आज केले, एवढाच काय तो आमचा पराक्रम.

दुपारी काका आम्हास घेऊन जमिनीवरून फिरले. ऐनाच्या तोडलेल्या फांद्या पाहून माझा मित्र म्हणाला, “काका, कोणीतरी तुमची लाकडे चोरून नेतो आहे.” काका हसले. त्यांनी खाली बसून वाळलेल्या काडीने मातीत एक चौकोन काढला. “हे भाताच्या रोपाचे वाफे समजा. पावसापूर्वी यांवर शेण, झाडांचे टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वरून मातीचा थर पसरतात आणि ते जाळतात. त्याला राब म्हणतात. त्याने तणाचे बी मरते, राखेने माती सुधारते, आणि रोप जोमाने उठते. आता टहाळ आणावयाचे कोठून? खाचरात झाडे नसतात. ते या वरकस जमिनीतून येतात. फांद्या छाटतात, बुंधा राखतात. झाड पुन्हा फुटते. गेल्या शतकाच्याही आधी, १८८५ साली, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या जंगलविषयक गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी सरकारला एक आयोग नेमावा लागला होता. या राबाच्या टहाळांचा प्रश्न त्यात मोठा होता. तुझ्या मित्राला जी चोरी दिसते, ती कोणाच्या तरी ताटातल्या भाताची सुरुवात आहे.”

आजोबा मागे उभे राहून ऐकत होते. “माझे वडील वाडीला टहाळ नेऊ देत,” ते म्हणाले. “बदल्यात ती माणसे गवताला वणवा लागू देत नसत. हे कोठे लिहिलेले नव्हते. मी शहरात गेलो आणि विसरलो. ते मात्र विसरले नाहीत. पाहा, एक झाड मुळापासून तुटलेले आहे का?” आम्ही पाहिले. एकही नव्हते.

तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे आजोबांना तळावर ठेवून आम्ही नाणेघाट चढलो. दाट झाडीतून वाट हळूहळू वर जाते आणि अखेरीस दोन कड्यांमधील खिंडीत पोचवते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे समुद्राच्या व्यापाराचे बंदर होते. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव आढळते. त्या बंदरातून जुन्नरकडे जाणारा माल याच वाटेने चढे. घाटातील लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील मोठा लेख कोरलेला आहे. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांचे आकडे त्यात आहेत, आणि आपल्या देशातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. वर खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे; त्यात जकातीची नाणी टाकीत असे मानतात.

परंतु माझे लक्ष वेधले ते राणीच्या आकड्यांनी नव्हे. लेण्याच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. घामाघूम होऊन आलेल्या आम्ही त्यांच्या काठी बसलो, तेव्हा मनात आले, दानाचे आकडे दगडावर राहिले. या पाण्याच्या आधाराने किती बैल, किती हमाल आणि किती व्यापारी पुढे गेले त्याचा आकडा कोठेच नाही. तरी ही टाकी नसती तर तो घाट चालला असता काय? आदल्या दिवशीची करवंटी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

आम्ही उतरून आलो तेव्हा ते खरेदीदार गृहस्थ तळावर येऊन बसले होते. मनात मी त्यांचे जे दुष्ट चित्र रेखाटले होते, त्यास ते मुळीच जुळत नव्हते. मोठे सभ्य आणि हसतमुख गृहस्थ! त्यांनी आम्हा मुलांना खाऊ आणला होता. त्यांना सुटीत राहण्यासाठी एक लहान बंगला बांधावयाचा होता. “जागा फार सुंदर आहे,” ते म्हणाले. “चोहोकडून भिंत घालू. आणि खाली जिवंत झरा आहे असे ऐकतो. उत्तम! तेथे विहीर बांधू, पंप बसवू, मुलांना पोहण्यासाठी हौद करू.” त्यांच्या बोलण्यात काहीही वावगे नव्हते. आमच्याप्रमाणेच त्यांनाही ती जमीन रिकामी दिसत होती. पहिल्या रात्री मलाही ती तशीच दिसली होती. मग त्यांना दोष तो कोणता द्यावा?

बाबांनी उद्या सकाळी कळवतो असे सांगून त्यांना निरोप दिला. त्या रात्री शेकोटीभोवती फारसे कोणी बोलेना. बाबांची अडचण सर्वांना ठाऊक होती. शेवटी ताईच बोलली. “माझ्यासाठी विकता आहात म्हणून मी बोलणे बरे नव्हे,” ती म्हणाली. “मी त्या आजींबरोबर तीन हंडे आणले. भिंत घातल्यावर त्या कोठून पाणी आणतील, तेवढे मला कोणीतरी सांगा.”

कोणी सांगू शकले नाही. तेव्हा काकांनी बाबांकडे सातबाऱ्याचा उतारा मागितला, कंदील जवळ ओढला, चष्मा लावला आणि वर भिंग धरले. आज त्यांच्या भिंगाची थट्टा करण्याची छाती कोणास झाली नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “येथे पोटखराबाचे दोन आकडे आहेत. वर्ग अ आणि वर्ग ब. तुम्ही दोहोंची बेरीज करून ‘निरुपयोगी’ म्हणून मोकळे झालात. वर्ग अ म्हणजे कातळ, दगड, लागवडीस अयोग्य जमीन; ते खरेच. परंतु वर्ग ब निराळा. पिकत नाही म्हणून नव्हे, तर ती जागा लोकांच्या उपयोगासाठी सोडलेली असते म्हणून तिच्यावर आकारणी बसत नाही. वहिवाटीचा रस्ता, पायवाट, इतर लोक ज्याचे पाणी वापरतात असा ओढा किंवा तळे, स्मशान, अशा जागा त्यात येतात. तुमच्या उताऱ्यात वर्ग ब पाच आर आहे. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित कमी. हे पाच आर म्हणजे तो ओढा, त्याकडे उतरणारी वाट आणि, उघडच आहे, तो झिरा.”

सर्वजण स्तब्ध झाले. कोण्या काळी कोण्या मोजणीदाराने उन्हातान्हात साखळी ओढीत या उतारावर पाय ठेवला असेल. पाण्याला येणाऱ्या बायका त्याने पाहिल्या असतील, आणि त्यांच्यासाठी कागदावर एक लहानसा आकडा वेगळा मांडला असेल. तो कागद आमच्याच पेटीत, आमच्याच लाल फडक्यात होता. वाडीला लिहिता-वाचता येत नव्हते, तरी तिला तो पाठ होता. आम्हास वाचता येत होते, आणि आम्ही त्यातील एका शब्दावर हसून तो मिटून ठेवला होता.

बाबा बराच वेळ विस्तवाकडे पाहत राहिले. मग आजोबांना म्हणाले, “अण्णा, तुम्ही सांगाल तसे.”

आजोबा म्हणाले, “जमीन विकावयाची तर विक. ताईचे शिक्षण थांबता कामा नये. परंतु हे पाच आर आणि ती वाट सोडून. आणि ते खरेदीखतात स्पष्ट लिहून. जे आपले नव्हतेच, त्याची किंमत आपण कशी घ्यावी?”

१ जानेवारीच्या सकाळी बाबा उंच कातळावर जाऊन उभे राहिले. भ्रमणध्वनीचा आवाज तेथेच काय तो पोचत होता. त्यांनी त्या गृहस्थांस सर्व काही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारासाठी आठ दिवस मागितले. आठवड्याने त्यांचे सौजन्यपूर्ण उत्तर आले. बंगल्याच्या आवारातून परक्यांची वहिवाट असणे त्यांना सोयीचे वाटत नव्हते. व्यवहार मोडला. हे लिहिताना आमची अडचण सुटलेली नाही. बाबांनी बँकेत शिक्षणासाठीच्या कर्जाचा अर्ज केला आहे. ताईने संध्याकाळच्या दोन शिकवण्या धरल्या आहेत. आणि आईने यंदा नवे कपाट घेण्याचा बेत गुंडाळून ठेवला आहे. आम्ही काही फार मोठा त्याग केला असे कोणी समजू नये. मोडलेल्या व्यवहाराची चुटपुट घरात अधूनमधून डोके वर काढते, आणि ती काढणाऱ्यांत मीही असतो.

निघण्यापूर्वी आम्ही तळाची जागा झाडून स्वच्छ केली, शेकोटीची राख पाणी ओतून विझवली आणि राहुट्यांच्या खुंट्यांची भोके मातीने बुजवली. म्हातारी हंडे घेऊन आली होती. आजोबा तिच्याशी दूर उभे राहून काहीतरी बोलले. ती हसली आणि तिने माझ्या हातावर मूठभर आवळे ठेवले. “पुन्हा या,” ती म्हणाली. ती ज्या जमिनीवर आम्हास बोलावीत होती, तिच्या सातबाऱ्यावर आमचे नाव आहे, हे मला वाटेत बऱ्याच वेळाने आठवले. आणि आठवले तेव्हा तिच्या बोलावण्यात मला काहीच विपरीत वाटले नाही.

विद्यार्थिमित्रहो, सुटीत रानात जाऊन राहण्याची संधी आली तर अवश्य जा. तेथे आकाश मोठे असते, भूक चांगली लागते आणि वडील माणसे निराळीच भासतात. मात्र राहुटी ठोकण्यापूर्वी एकदा भोवती नीट पाहा. तोडलेली फांदी, पायाखालची पुसट वाट, दगडांनी बांधलेला एखादा खळगा, यांपैकी काही दिसले तर समजा की, येथे आपल्या आधी कोणीतरी आहे आणि आपण गेल्यावरही त्याला येथेच राहावयाचे आहे.

होळीनंतर ओढा आटतो. तेव्हा झिऱ्यातील गाळ काढून तो हातभर अधिक खोल करावा लागतो, असे वाडीतील लोकांनी सांगितले. त्या कामासाठी आम्ही तिघे मित्र एका रविवारी जाणार आहोत. फावडे काका देणार आहेत. करवंटी मी घरूनच नेणार आहे.